प्लॅस्टिकवरचा गंज

१

तिसऱ्या कप्प्यावर चाळीस नंबरच्या बाटलीनंतर एकदम बेचाळीस नंबरची बाटली होती. मधे धुळीत एक स्वच्छ गोल उमटला होता, बाटलीच्या बुडाएवढा.

तपासनीस बाईंनी आधी त्या कप्प्यावरच्या बाटल्या मोजल्या. मग खालच्या दोन कप्प्यांवरच्याही मोजल्या. तशी गरज नव्हती, पण मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. म्हणून तर पाणी तपासणाऱ्या साऱ्या प्रयोगशाळांमध्ये त्यांच्या पाठीमागे त्यांना ‘मोजणीबाई’ म्हणत. हे नाव त्यांना ठाऊक होतं. ते किती जण वापरतात, हेही त्यांनी एकदा मोजलं होतं.

"एकशे एकोणीस," त्या म्हणाल्या. "हव्यात एकशे वीस."

"म्हणजे एकच गेली," साहेब म्हणाले. जणू एकशे एकोणीस राहिल्या याबद्दल त्यांचं कोणीतरी कौतुक करायला हवं होतं.

साहेब या प्रयोगशाळेचे प्रमुख. बोलताना प्रत्येक वाक्याआधी एक सुस्कारा सोडायची त्यांना सवय होती. बाईंना सुस्काऱ्यांचा कंटाळा आला होता, कारण या महिन्यातली ही त्यांची पाचवी प्रयोगशाळा होती आणि प्रत्येकीचा प्रमुख सुस्कारे टाकतच भेटला होता. त्यांचे पाय सुजले होते. सकाळी चपलेचा पट्टा एका भोकाने सैल केला होता, आता दुसऱ्यावर वेळ आली होती.

"पुन्हा एकदा सांगा. थोडक्यात," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या.

प्रकरण थोडक्यात असं होतं. नदीच्या वळणावर नव्वद घरांची एक वसाहत. तिथल्या हातपंपाचं बोअर वर्षापूर्वी नवं खणलेलं. दर तीन महिन्यांनी त्याचं पाणी इथे येई. आर्सेनिक दहाच्या आत असेल तर पाणी पिण्याजोगं. इथल्या केमिस्ट मुलीने चारही वेळा दहाच्या आतला आकडा लिहिला. शेवटचा होता आठ. वसाहतीतल्या दवाखान्याच्या नर्सला मात्र काय वाटलं कुणास ठाऊक, तिने त्याच पंपाचं पाणी परस्पर मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथून उत्तर आलं: चौऱ्याहत्तर.

"पत्र गुरुवारी आलं," साहेब म्हणाले. "इथे प्रत्येक बाटली तीन महिने जपून ठेवतो आम्ही. एकेचाळीस नंबर म्हणजे त्याच पंपाची. शुक्रवारी सकाळी ती पुन्हा तपासायला काढायची म्हणून आलो, तर हे." त्यांनी धुळीतल्या गोलाकडे बोट दाखवलं. "खोलीच्या तीन किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे, एक मागे मोरीपाशी खुंटीवर, एक त्या मुलीकडे. घरबसल्या आकडे लिहिले तिने, आणि पकडली जाणार म्हटल्यावर बाटली नाहीशी केली. शनिवारी मी तिला निलंबनाचं पत्र दिलं. तुमची सही तेवढी बाकी आहे. उद्या पाचपर्यंत झाली तर बरं."

बाईंनी कागद वाचला. त्यांची सही झाली की मुलीचं नाव केमिस्टच्या यादीतून कायमचं जाणार होतं. मग कुठल्याच प्रयोगशाळेत तिला कोणी परीक्षानळी विसळायलाही ठेवलं नसतं.

"उद्या पाचला अजून सत्तावीस तास आहेत," बाई म्हणाल्या. "मुलीला बोलवा."

२

केमिस्ट मुलगी एकोणतीस वर्षांची होती आणि तीन रात्री झोपली नव्हती. पांढरा डगला मात्र तिने घडी मोडून घातला होता, डाग नसलेला. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. अपराधी माणसं एवढी इस्त्री करत नाहीत, किंवा मग फारच करतात.

"आठ कुठून आला?"

"यंत्रातून."

"यंत्रात कुठून आला?"

"बाटलीतून. मॅडम, हे विचारणाऱ्या तुम्ही पाचव्या."

"चौथं कोण?"

"आई." ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. "कोणाच्या सांगण्यावरून केलंस, असं विचारलं तिनं. केलंस का, हे विचारलंच नाही."

बाईंनी पाणी जमा करून घेतल्याची वही पुढे ओढली. प्रत्येक बाटलीपुढे सहा रकाने होते. नंबर, तारीख, पंप, टोपणाचा रंग, बाटली गळकी आहे का, आणि शेवटी ‘ॲसिड तपासले’. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा होत्या, एकाच उताराच्या, एकाच शाईच्या.

"हे कशाने तपासता?"

"रंगपट्टीने. पाण्यात बुडवायची. लाल झाली की ॲसिड आहे."

"पट्ट्यांचा डबा आणा."

मुलगी उठली आणि बऱ्याच वेळाने परत आली. डब्यावरचं पातळ प्लॅस्टिकचं वेष्टन शाबूत होतं. बाईंनी ते नखाने वाजवलं.

"शंभर पट्ट्यांचा डबा. मी मोजू, की तुम्हीच सांगताय?"

मुलीचे कान लाल झाले. त्यासाठी पट्टी लागली नाही.

"पूर्वी तपासायचो," ती हळू म्हणाली. "तेव्हा आपले नमुनेवाले दादा पंपावरच बाटलीत ॲसिड घालायचे. कधी कमी, कधी जास्त, म्हणून बघावं लागायचं. मग एकदा गाडीत ॲसिडची कुपी फुटली आणि ड्रायव्हरची मांडी भाजली. साहेबांनी पद्धत बदलली. आता बाटल्या धुणाऱ्या मावशी इथेच रिकाम्या बाटलीत ॲसिड घालून ठेवतात. आधीच आत असलेलं पुन्हा काय तपासायचं, असं वाटलं."

"आणि खुणा?"

"हात आपोआप करतो."

"हं." हे वाक्य बाईंनी नोकरीभर इतक्या ठिकाणी ऐकलं होतं, की त्याचा शिक्का करून घ्यायला हरकत नव्हती. "म्हणजे खोटं लिहिलंत."

"खुणा खोट्या आहेत," मुलगी मान वर करून म्हणाली. "आकडा खोटा नाही."

"बरं. मग मला आकडे काढून द्या. दोन वर्षांचे, तुमच्याकडे येणाऱ्या सगळ्या बोअरचे."

"आर्सेनिकचे?"

"लोहाचे."

"लोहाबद्दल कोणाचीच तक्रार नाही, मॅडम."

"म्हणूनच," मोजणीबाई म्हणाल्या.

३

मागच्या मोरीत बाटल्या धुणारी मावशी दोन्ही कोपरांपर्यंत रबरी हातमोजे चढवून उभी होती. खुंटीवरची किल्ली तिच्या डोक्यावरच लटकत होती.

"या, बाई. चोर शोधायला आलात ना? मी नाही. मला चोरायचीच असती तर ही घासणी नेली असती. नवी मागून चार महिने झाले."

"किल्ली इथेच असते?"

"असते. मी जेवायला जाते तेव्हाही असते. कोण घेतं, कोण ठेवतं, मी काय तिचा पहारा करत नाही. दादा मागच्या दारानं बाटल्या देतो-घेतो, ड्रायव्हर येतो, साहेबही येतात हात धुवायला. त्यांच्या खोलीतला नळ गळतो ना."

दादा म्हणजे गावोगावच्या पंपांवर जाऊन बाटल्या भरून आणणारा नमुनेवाला. त्याची आणि मावशीची सव्वीस वर्षांची भांडणं होती, आणि ती दोघांनाही लाभली होती.

"ॲसिड तुम्ही घालता?"

"मीच. या पिचकारीनं, दुसऱ्या रेघेपर्यंत. लाल टोपणाच्या बाटलीत घालायचं, पांढऱ्याच्या नाही. बारीक अक्षर वाचता येत नाही मला, पण लाल-पांढरं कळतं. एकही चुकवलेली नाही. मोजा हवं तर." तिने शेजारची रिकामी कुपी पुढे केली, आणि बाईंनी खरंच मोजलं. वर्षभरात किती ॲसिड आलं, किती उरलं, लाल टोपणं किती गेली. हिशेब शेवटच्या पिचकारीपर्यंत जुळला.

"कुठे शिकलात एवढं काटेकोर?"

"तीन सुनांच्या घरात राहते मी." मावशीने एक बाटली उलटी करून आत घासणी फिरवली. बाहेर आलेली घासणी तांबूस होती. "आता तुम्ही शिकलेल्या आहात तर मला एक सांगा. लोखंडाला गंज चढतो, ते कळतं. प्लॅस्टिकला कसा चढतो?"

बाई उठता उठता थांबल्या.

"काय म्हणालात?"

"हे बघा की. तळाशी सगळं तांबडं. पूर्वी नव्हतं. वर्ष झालं, तेव्हापासून घासून घासून हात मोडले. त्या पोरीला दाखवलं असतं, पण ती बाटलीतलं वरवरचं नितळ पाणी नळीनं ओढून घेते आणि जाते. तळ बघायला मावशी आहेच."

"लाल टोपणांच्या बाटल्यांना चढतो, की पांढऱ्या?"

मावशीने क्षणभर विचार केला.

"पांढऱ्यांना आधीपासून चढायचा," ती म्हणाली. "लाल टोपणांना वर्षभरापासून."

बाई पुन्हा स्टुलावर बसल्या. जमिनीखालच्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं, दिसत नाही. हवा लागली की त्याचा गंज होतो आणि तो गाळ होऊन तळाशी बसतो. बसताना आर्सेनिकला अंगाला चिकटवून खाली नेतो. हे होऊ नये म्हणून तर बाटलीत ॲसिड घालतात. पांढऱ्या टोपणात ॲसिड नसतं, तिथे गंज असणारच. लाल टोपणात ॲसिड असतं, तिथे गंज असूच शकत नाही.

पण ॲसिड तर शेवटच्या पिचकारीपर्यंत गेलं होतं. बाईंनी ते स्वतः मोजलं होतं.

४

लोहाचे आकडे मुलीने दोन पानांत आणून दिले. बाईंनी पट्टी लावून एकेक ओळ वाचली. ज्या एकोणीस बोअरांच्या पाण्यात लोह भरपूर होतं, त्या एकोणीसही ठिकाणी ते वर्षापूर्वी एकाच महिन्यात धाडकन खाली आलं होतं. त्यांतल्या काहींत आर्सेनिक होतं, तेही सोबत उतरलं होतं. ज्यांत लोह मुळातच नव्हतं, ते होते तसेच होते.

"अख्ख्या तालुक्यातलं लोह एका महिन्यात कुठे गेलं, हा प्रश्न कोणाला पडला नाही?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"पाणी सुधारलं असं वाटलं," साहेब म्हणाले. सुस्कारा या वेळी वाक्यानंतर आला.

मुलगी दारातच उभी होती. बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "आर्सेनिकचा आकडा खोटा लिहिणारा माणूस आर्सेनिकचाच लिहील. ज्या लोहाबद्दल कोणी विचारत नाही, ते एकोणीस ठिकाणी, त्याच प्रमाणात, कशाला कमी करत बसेल? एवढी मेहनत करणारा माणूस खरंच तपासणी करून मोकळा होईल."

मुलीने दाराची चौकट धरली. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं.

"पण बाटली?" ते म्हणाले. "बाटली तर कोणीतरी नेलीच ना?"

बाटलीचं उत्तर सामान देण्याघेण्याच्या वहीत होतं. ती वही कोणी वाचत नसल्यामुळे तीच बाईंची सर्वांत आवडती होती. गुरुवारी दुपारी तीन वाजता एक बर्फाची पेटी बाहेर गेली होती. सही दादाची. परत आल्याची नोंद नव्हती. बाईंनी फेऱ्यांची वही उघडली. गुरुवारी दादाची फेरी कुठेच नव्हती.

"साहेब, बाटली नाहीशी करायची असेल तर तुम्ही काय कराल?"

"मी कशाला करीन?"

"समजा."

"मोरीत ओतीन."

"मीही. बर्फाच्या पेटीत घालून जो नेतो, तो तिला नाहीशी करत नाही. जपतो." बाईंनी चपलेचा पट्टा दुसऱ्या भोकावर घेतला. "दादा राहतात कुठे?"

साहेबांनी पत्ता सांगितला. नदीच्या वळणावरची वसाहत, पंपापासून चौथं घर.

५

दादाने दार उघडलं आणि काही विचारायच्या आत तो म्हणाला, "आत या, बाई. तुम्हीच याल असं वाटलंच होतं. ओळखलंत का? सव्वीस वर्षांपूर्वी बाटली कशी धरायची ते तुम्ही शिकवलंत आम्हाला. पहिल्या तुकडीतला मी. तुमचा एक नियम अजून मोडलेला नाही."

बाईंना चेहरा आठवला नाही. त्या तुकडीत एकतीस जण होते, एवढं आठवलं.

खोली लहान आणि लखलखीत होती. दोन वर्षांची नात जमिनीवर बसून बाटल्यांची पांढरी टोपणं एकात एक घालत होती. दादाच्या बायकोने पेलाभर पाणी आणून पुढे ठेवलं. बाईंनी पेल्याकडे पाहिलं.

"प्या बिनधास्त," वहिनी म्हणाल्या. "लांबच्या विहिरीचं आहे. गुरुवारपासून दोन-दोन कॅन खांद्यावरून आणतायत. या वयात."

"गुरुवारपर्यंत?"

"गुरुवारपर्यंत पंपाचंच," दादा म्हणाला. "नातीच्या दुधाच्या भुकटीतसुद्धा. अहवाल आला ना, तेव्हा मीच घरोघरी सांगितलं होतं, पाणी चांगलं आहे म्हणून. माझ्या हातचा नमुना. लोकांनी अहवाल वाचला नाही, मला विचारलं."

बाईंनी पाणी प्यायलं, सगळं.

दादाने पलंगाखालून बर्फाची पेटी ओढली. "घरातला सगळा बर्फ हिलाच जातो," वहिनी पुटपुटल्या. एकेचाळीस नंबरची बाटली आत सरळ उभी होती, तपासणीनंतर टोपणावर लावलेली पट्टी न फाटलेली. दादाने ती उजेडात धरली. तळाशी तांबूस वलय होतं.

"पत्राचं कळल्यावर कप्प्यावरून उचलली आणि हे दिसलं. सव्वीस वर्षं बाटल्या भरतोय, बाई. लाल टोपणाखाली गंज म्हणजे ॲसिड घातलेलंच नाही. उद्या कोणीतरी तळ घासून टाकेल आणि सगळं त्या पोरीच्या माथी मारतील, म्हणून आणली. चोरी म्हणा हवं तर."

"मग शनिवारी बोलला का नाहीत? त्या दिवशीच तिच्या माथी मारलं."

दादाने बाटली पेटीत परत ठेवली. मग म्हणाला, "कोणाकडे बोलू? साहेबांनीच मारलं ना. तुम्ही येणार असं ऐकलं. वाट बघितली."

"ॲसिड कोणी घातलं नाही, असं तुम्हाला वाटतं?"

"मावशीनं. दुसरं कोण? वर्षापूर्वी साहेब म्हणाले, ‘दादा, ॲसिडचं आता आम्ही बघतो, तुम्ही फक्त पाणी आणा.’ मी बाटल्या पोचवल्या की ती घालणार, असं ठरलेलं. विसरली असणार. तिचं काम असंच. रिकाम्या बाटल्यासुद्धा नीट निथळत नाही. लाल टोपणवाल्यांत तर प्रत्येकीच्या तळाला घोटभर पाणी राहिलेलं."

"त्यांच्या तोंडावर सांगू नका हे," बाई म्हणाल्या. त्या दादाच्या हाताकडे बघत होत्या. अंगठा आणि पहिली दोन बोटं टोकाशी पिवळी पडली होती, जुन्या कागदासारखी. "विडी-सिगारेट ओढता?"

"छे! कधी नाही."

"तेच मी विचारते," वहिनी म्हणाल्या. "कितीही घासा, निघत नाही. आणि ह्या पँटी बघा. घोट्यापाशी सगळी चाळण. दोन साबण बदलून झाले."

दोरीवर पँट वाळत होती. दोन्ही पायांच्या काठांना बारीक भोकं होती. बाईंनी ती मोजायला सुरुवात केली, सतरापर्यंत आल्या आणि थांबल्या. पुढे मोजायची त्यांना एकाएकी इच्छा उरली नाही.

"दादा," त्या उठत म्हणाल्या, "ही बाटली मी नेते. उद्या दुपारी पंपावर या. नेहमी भरता तशी एक बाटली भरून दाखवा."

"नेहमी भरतो तशीच?"

"अगदी तशीच. शिकवली होती तशी."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी यंत्राच्या खोलीचं दार अडवलं. "निलंबित कर्मचाऱ्याला यंत्र हाताळता येत नाही."

"कागदावर माझी सही कुठे आहे?" बाईंनी विचारलं, आणि मुलगी त्यांच्या बाजूने आत शिरली.

एकेचाळीस नंबरच्या बाटलीत ॲसिड घालून ती कालपासून कुलपात ठेवली होती. तळाचं तांबूस वलय आता विरघळून गेलं होतं. मुलीने बाटली हलवली, पाणी काढलं, यंत्राला दिलं. आकडा आला एकाहत्तर. तिने तो लिहिला नाही. बाईंना लिहू दिला. मग नवा डबा फोडून एक पट्टी बुडवली, आणि ती लाल झालेली बघून मगच खूण केली.

दुपारी पंपापाशी सगळे जमले. ‘बाटल्यांबद्दल बोलणं व्हायचं असेल तर मी पाहिजेच’ म्हणून मावशीही गाडीत बसली होती. येताना तिने सकाळीच तयार केलेली लाल टोपणाची बाटली आणली होती, पिचकारी दुसऱ्या रेघेपर्यंत. पंपाच्या ओट्यावर पाण्याच्या क्षारांचा जाड पांढरट थर चढला होता. एका कोपऱ्यात मात्र, उभं राहिलं की उजव्या पायाशी येईल अशा जागी, वितभर सिमेंट उघडं पडलं होतं.

दादाने पंप शंभर वेळा मारला. नळीतलं शिळं पाणी काढून टाकायचं, हा नियम. बाईंनी मनात मोजलं, शंभरच. मग त्याने बाटली घेतली, टोपण उघडलं, आत डोकावला.

"हे बघा. राहिलंय ना पाणी तळाला?" तो मावशीला म्हणाला.

"अरे, ते..." मावशीने तोंड उघडलं. बाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला.

दादाने बाटलीत थोडं पाणी घेतलं, टोपण लावलं, सुरेख गोल हलवलं आणि उजव्या हाताला ओतलं. एकदा. ओट्यावरच्या पांढऱ्या थरावर ते पडताच फस्स आवाज होऊन बारीक फेस उठला. दादाचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याची नजर, शिकवल्याप्रमाणे, बाटलीच्या तोंडावर होती. दोनदा. फेस कमी झाला. तीनदा. काहीच झालं नाही. मग त्याने बाटली गळ्यापर्यंत भरली, टोपण घट्ट केलं आणि बाईंच्या हातात दिली, एखादा मुलगा पाटी दाखवतो तशी.

बाईंनी ती मुलीकडे दिली. मुलीने पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बदलला नाही.

"मावशींनी ॲसिड घातलं होतं," बाई म्हणाल्या. आवाज त्यांनी मुद्दाम कोरडा ठेवला. "घातलं नसतं तर टोपण उघडताना तुमची बोटं पिवळी झाली नसती, दादा. ते बाटलीत पाणी भरेपर्यंत राहिलं असतं तर तळाला गंज आला नसता. म्हणजे बाटली तुमच्या हातात आल्यानंतर आणि भरण्याआधी ते गेलं. कुठे गेलं, ते तुमच्या पँटला विचारा, नाहीतर या ओट्याला. पांढरी टोपणं तीनदा विसळायचीच असतात. लाल टोपणं, ॲसिड आत असेल तर, एकदाही नाही."

"मी..." दादाने स्वतःची बोटं पाहिली. "मी धुऊन टाकलं?"

"आणि मी मुकाट्यानं पुन्हा घालत बसले, वर्षभर," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात आज भांडण नव्हतं.

"परिपत्रक काढलं होतं," साहेब घाईने म्हणाले. "सातवा मुद्दा. विसळू नये. सगळ्यांच्या सह्या आहेत."

"आहेत ना." बाईंनी पिशवीतून परिपत्रक काढलं. "दादांपुढे चौदा तारीख आहे. चौदाला दादा डोंगरापलीकडच्या पंपांवर होते, मुक्कामी. फेऱ्यांच्या वहीत लिहिलंय. सहीच्या आधी बारीक ‘करिता’ आहे आणि अक्षर तुमचं आहे. मुलीनं न तपासता खुणा केल्या, हे मी अहवालात लिहिणारच आहे. पण साहेब, तुम्हाला कधी कळलं?"

साहेबांनी या वेळी सुस्कारा टाकला नाही.

"शुक्रवारी," ते म्हणाले. "लोहाचे आकडे मीही काढले होते."

"आणि शनिवारी हिला पत्र दिलंत."

"माझी दोनच वर्षं राहिलीत, बाई."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. बाईंना वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. पण ती फक्त म्हणाली, "माझ्या आईला हे तुम्ही सांगाल. तुम्हीच. आज." आणि पुन्हा बाटलीकडे वळली.

दादा ओट्याच्या कडेवर बसला होता. चौथ्या घराच्या दारात त्याची बायको नातीला कडेवर घेऊन उभी होती. तिला ऐकू गेलं नव्हतं. तिला ते सांगावं लागणार होतं.

"तुम्हीच शिकवलंत, बाई," तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही. पडताळून घेतोय अशा आवाजात. "तीनदा विसळल्याशिवाय भरायची नाही."

"मीच शिकवलं."

"मी कधी दोनदा केलं नाही. थंडीत बोटं गळून पडायची, तरी नाही."

"माहीत आहे."

बाईंनी निलंबनाचा कागद काढला आणि आडवी रेघ मारली. मग अहवालाचा छापील नमुना गुडघ्यावर घेतला. ‘जबाबदार व्यक्ती’ असा एक चौकोन होता, जेमतेम एक नाव मावेल एवढा. त्यांनी त्यात साहेबांचा हुद्दा लिहिला. मग बारीक अक्षरात ‘खाली पाहा’ लिहिलं, आणि खाली, समासात, मुलीचा, आणि त्याखाली स्वतःचा. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी एकतीस जणांना नियम शिकवला होता. तो कशासाठी, हे एकालाही सांगितलं नव्हतं. वेळ नव्हता, दुपार झाली होती, पाय दुखत होते. पाय तेव्हाही दुखायचे, हे त्यांना आज आठवलं. दादाचं नाव त्यांनी कुठेच लिहिलं नाही. मोजणीतून काही वगळायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"उठा," त्या म्हणाल्या. "पंपाला साखळी घालायच्या आधी एक बाटली बरोबर भरून हवी. मग लोहाचे ते एकोणीस पंप. नर्सला बोलावून नातीची लघवी तपासायला पाठवू; वर्षभराचंच आहे, पाणी बंद केल्यावर बरंचसं निघून जातं. बाकीच्या घरांचंही तेच. त्यांना कोण सांगणार?"

"मी," दादा म्हणाला. "मीच सांगितलं होतं ना."

मावशीने गाडीतून दुसरी लाल टोपणाची बाटली काढून त्याच्या हातात दिली. काहीही न बोलता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. दादा उभा राहिला. पंप मारला. टोपण उघडलं. बाटली धारेखाली धरली, चार बोटं पाणी आत गेलं, आणि त्याचं मनगट आपोआप उजवीकडे वळलं.

"दादा," मुलगी म्हणाली, आणि तिने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

ते वळायचं थांबत नव्हतं. बाटली गळ्यापर्यंत भरेपर्यंत तिला ते तसंच धरून उभं राहावं लागलं.